बँकेला धूर नसतो म्हणे!

एकच मेसेज आठवडाभरात मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, निवृत्तांच्या, भाच्याच्या आणि पहाटे गोदाकाठी फिरायला जाणाऱ्यांच्या. विषय असा, की नाशिकच्या एका नागरी सहकारी बँकेने गच्चीवर सोलर बसवलं आणि वार्षिक अहवालात कार्बन उत्सर्जनाचं एक पान घातलं. मेसेजवाल्याचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बँकेला ना भट्टी ना चिमणी, तिचा कसला आलाय कार्बन? पॅनेल बनवतानाच इतका धूर होतो की तो कधी फिटत नाही. पैसा ठेवीदारांचा, मिरवणार संचालक. कागद वाचवतो म्हणत पासबुक बंद करायचा डाव आहे. त्यापेक्षा शाखेपुढे दहा झाडं लावा, विषय संपला. आणि रिझर्व्ह बँकेने विचारलेलं नसताना ही उठाठेव सांगितली कुणी?

मी अशाच एका बँकेत नोकरी केली, शेवटची नऊ वर्षं शाखाधिकारी होतो. लाइट बिल, जनरेटरचं डिझेल, एसीचं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट, सगळं माझ्या सहीने जायचं. ज्या बँकेवर टीका आहे तिच्यात माझी पाचशेची ठेवसुद्धा नाही, त्यामुळे वकिली करायचं कारण नाही. पण हिशोब चुकीचा मांडलेला पाहिला की हात शिवशिवतात.

चिमणीपासून सुरुवात करू. बँकेला चिमणी नसते हे खरं. पण नाशिकरोडच्या पुढे एकलहऱ्याला ६३० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे, तिथे कोळसा जळतो. तुमच्या शाखेतलं नेमकं युनिट तिथूनच आलं असं कुणी सांगू शकणार नाही, कारण ग्रीडमध्ये सगळी वीज एकत्र होते. म्हणून सरासरी धरतात. आपल्याकडे ती एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड अशी येते. एटीएमच्या खोलीतला एसी रात्री तीन वाजताही चालू असतो, सर्व्हर कधी झोपत नाही. मीटर फिरला की धूर झालाच, फक्त तो दुसऱ्याच्या चिमणीतून निघाला. शिवाय वीज गेली की मागच्या बोळात जनरेटर धडधडतो तो बँकेचा स्वतःचाच. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड, नेमकं २.६८.

आता एक गोष्ट, जी मेसेजमध्ये नाही आणि बँकेच्या त्या पानावरही मला दिसली नाही. एसीचा गॅस. जुन्या स्प्लिट एसीत आर-२२ असायचा. मार्च आला की मेकॅनिक यायचा, 'साहेब, गॅस कमी झालाय, भरून घ्या' म्हणायचा, मी बिल पास करायचो. कमी झालेला गॅस गेला कुठे, हे मला कधी सुचलंच नाही. तो हवेत गेला होता. आर-२२ चा एक किलो म्हणजे तापमानवाढीच्या हिशोबाने सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड. अडीच हजार युनिट वीज जाळल्यासारखंच! मी दरवर्षी ते सहीनिशी मंजूर करत होतो. नव्या एसीतला आर-३२ त्यामानाने बराच बरा, पण गळती ती गळतीच. तेव्हा 'बँकेला धूर नसतो' असं म्हणणाऱ्याने आधी शाखेतलं एसी सर्व्हिसिंगचं रजिस्टर उघडावं.

पॅनेलचा धूर फिटत नाही, हे साफ खोटं. पॅनेल बनवायला ऊर्जा लागते, सिलिकॉन वितळवायला तर भरपूर. पण आपल्याकडच्या उन्हात ती साधारण एक-दोन वर्षांत भरून निघते आणि पॅनेल पंचवीसेक वर्षं चालतं. नंतरच्या कचऱ्याची शंका मात्र रास्त आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेल घेतली आहेत. ती प्रत्यक्षात कुठे जातात यावर लक्ष ठेवावं लागेल.

ठेवीदारांच्या पैशांचं काय ते आकड्यातच पाहू. गच्चीवर २० किलोवॅट बसतात असं धरू, त्याला दोनेक हजार चौरस फूट जागा लागते. नाशिकच्या उन्हात एका किलोवॅटमागे वर्षाला १,४०० युनिट धरले तर २८,००० युनिट झाले. व्यापारी दराचं युनिट सगळे आकार मिळून दहा रुपयांना धरलं तरी वर्षाला २ लाख ८० हजार वाचतात. किलोवॅटला पन्नास हजार खर्च धरला तर दहा लाख चार वर्षांच्या आत वसूल. कर्ज मागायला आलेल्या माणसाने हा प्रस्ताव ठेवला असता तर मी चहा पाजून मंजूर केला असता. संचालकांनी फीत कापताना फोटो काढून घेतले, तो भाग वेगळा.

पासबुकाच्या बाबतीत मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे. ए-फोर कागदाचं एक रिम भरतं जेमतेम सव्वादोन किलो. शाखेने वर्षाला शंभर रिम वाचवले तरी कागद पाव टनाच्या आतच. त्यासाठी पंचवटीतल्या आजोबांना ॲप शिकायला लावणं हा छळ आहे. कागद वाचवा, जरूर वाचवा, पण पासबुकाच्या प्रिंटरवर कार्बनचं खापर फोडू नका. एका एसीची गळती बंद केली तर त्याच्या कितीतरी पट काम होतं.

दहा झाडांचं गणितही असंच. २० किलोवॅटच्या त्या २८,००० युनिटमुळे वाचतो साधारण वीस टन कार्बन डायऑक्साइड. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो शोषतं असं ढोबळमानाने धरलं, तर हजार झाडं लागतील. तीही वाढलेली, जिवंत. बँकेचं नाव रंगवलेल्या ट्री-गार्डमध्ये एप्रिलमध्ये काय उरतं ते कॉलेजरोडवर फिरून पाहा. उन्हाळ्यात टँकर लावून रोप जगवणारे लोक या शहरात आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण पाच जूनला, पर्यावरण दिनी लावलेलं रोप म्हणजे लाइट बिलाचं प्रायश्चित्त नव्हे.

राहिली रिझर्व्ह बँक. छोट्या सहकारी बँकांवर सक्ती नाही, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण विषयच नाही म्हणाल तर चूक. हवामानाच्या जोखमीची माहिती जाहीर करण्याचा मसुदा रिझर्व्ह बँकेने २८ फेब्रुवारी २०२४ ला काढला, त्यात चौथ्या टियरच्या, म्हणजे १०,००० कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी बँकाही धरल्या होत्या. आणि आपल्या जिल्ह्यात हे कळायला परिपत्रक लागतं का? २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी निफाड पट्ट्यात गारा पडल्या, तेव्हा छाटणी होऊन घड धरलेल्या द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. ती एक गारपीट हवामानबदलानेच झाली असं मी म्हणणार नाही. पण बाग गेली की हप्ता जातो, हे वसुलीला गेलेल्या कुणालाही विचारा.

इथेच माझं त्या बँकेशीही भांडण आहे. मेसेजवाला गच्चीकडे बघून हसतो, बँक गच्चीकडे बघून खूश होते, आणि कर्जखात्यांकडे दोघंही बघत नाहीत. कंपन्यांकडून पर्यावरणाची माहिती गोळा करणाऱ्या सीडीपी या संस्थेने जगभरातल्या वित्तसंस्थांकडून घेतलेल्या माहितीत असं दिसलं, की कर्जं आणि गुंतवणुकीतून होणारं उत्सर्जन त्यांच्या स्वतःच्या कार्यालयांच्या सरासरी ७०० पट होतं. त्या मोठ्या संस्था होत्या, आपल्या बँकेला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा तीच. सातपूर-अंबडच्या कारखान्याला बॉयलरसाठी दिलेलं कर्ज, बिल्डरला दिलेलं कर्ज, डिझेलच्या टेम्पोचं कर्ज, सगळा धूर तिथे आहे.

आणि सुधारणाही तिथेच आहे. पीएम सूर्यघर योजनेत घरावरच्या ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, उरलेल्या रकमेसाठी माणूस बँकेतच येतो. एका शाखेने अशी शंभर कर्जं दिली तर ३०० किलोवॅट झाले. बँकेच्या स्वतःच्या गच्चीच्या पंधरा पट! (ते सगळं श्रेय बँकेने आपल्या पानावर चिकटवू नये, घरमालकाचंही त्यात आहे.) त्या अहवालात संचालकांचे तेरा फोटो मोजले, पण अशी किती कर्जं दिली ती ओळ मला सापडली नाही.

भाचा त्या बँकेचा सभासद आहे. त्याला तीन प्रश्न लिहून दिलेत: वर्षभरात किती युनिट वापरले, एसीत किती किलो गॅस भरला, आणि घरगुती सोलरची कर्जं किती मंजूर केली. सभेच्या नोटिशीत लेखी प्रश्नांसाठी मुदत असते, त्याआधी पोहोचव म्हटलं. तो म्हणाला, 'मामा, मागच्या सभेत पाऊण तास सभासद-भेट भिंतीवरचं घड्याळ द्यायचं की स्टीलचा डबा, यावरच गेला.' म्हटलं, तू प्रश्न तर दे, डब्याचं नंतर बघू.