देणगी देताना ताळेबंद पाहू नये

एखाद्या छोट्या संस्थेला देणगी द्यायचं मनात आलं, की आधी तिचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघावा. थंडीतलं ब्लँकेट वाटप, जूनमधलं वह्या वाटप. एका दोनशे पानी वहीला चार विश्वस्तांचे हात लागलेले असतात आणि वही घेणारं पोर कॅमेऱ्याकडे बघत असतं. हात चार दिसले तर संस्थेत एकोपा आहे असं समजावं. फ्लेक्सवर अध्यक्षांचा चेहरा लाभार्थ्याच्या तिप्पट मोठा असेल, तर नेतृत्व खंबीर आहे. एवढी छाननी पुरे. ताळेबंद मागणं चांगल्या घरच्या माणसाला शोभत नाही. पंधरा रुपयांची कोथिंबिरीची जुडी आपण सोडून, उलटी करून बघतो ते ठीक. तिथे भाजीवालीशी आपले संबंध थोडेच असतात? पन्नास हजारांचा चेक देताना संबंध जपावे लागतात.

अडचण एवढीच, की महाराष्ट्रात १९५० पासून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा एक कायदा आहे. आधी त्याच्या नावात मुंबई होती, आता महाराष्ट्र आहे. नोंदणी झालेल्या ट्रस्टने दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत, वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ते काम उरकावं आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा, असं त्यात येतं. तिथे अर्ज करून, फी भरून नक्कलही काढता येते. ही सोय तुमच्यासाठी नाही. ती आपसात भांडणाऱ्या विश्वस्तांसाठी आहे, आणि तेच ती वापरतात.

तरीही चुकून अहवाल हाती आलाच, तर सीएचा शिक्का बघून पान मिटावं. शिक्क्याच्या जवळपास एक प्रश्नावली असते, तिच्याकडे डोळेझाक करावी. तपासणीच्या दिवशी हातातली रोकड वहीशी जुळली का? पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का? विश्वस्तांची संख्या संस्थेच्या घटनेप्रमाणे आहे का? सभा नियमित होतात का? कोणी विश्वस्त संस्थेचं देणं लागतो का, किंवा संस्था त्याचं? गेल्या वर्षी दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्या का? बिचाऱ्या हिशेब तपासनिसाला हे सगळं नियमाने लिहावं लागतं. काही अहवालांत ‘होय’, ‘नाही’ यांच्या जोडीला ‘लागू नाही’ हे उत्तर फार खेळतं. ‘सभा नियमित होतात का?’ ‘लागू नाही.’ ज्या संस्थेला सभाच लागू नाही तिथे भांडणं कुठून होणार? डोळे मिटून द्या.

ताळेबंदाचा छापील नमुना, म्हणजे याच कायद्याच्या नियमांतलं परिशिष्ट आठ, ज्याने कोणी बनवला तो संशयी स्वभावाचा असावा. उजव्या बाजूला ‘उचल’ या मथळ्याखाली पहिलीच ओळ ‘विश्वस्तांना’ अशी आहे; नोकर, कंत्राटदार, वकील हे सगळे नंतर. खाली शिल्लक रकमेत बँकेतली वेगळी, विश्वस्तांकडची वेगळी आणि व्यवस्थापकाकडची वेगळी दाखवावी लागते. विश्वस्तांकडे रोख एक लाख ऐंशी हजार अशी ओळ तीन वर्षं एकाच आकड्यावर उभी दिसली, तर घाबरायचं कारण नाही. आकडा स्थिर आहे. बँकेतला वरखाली होत असतो.

ठेवी मात्र जरूर बघा, हे जाणकारही सांगतात. समजा चाळीस लाखांच्या ठेवी दिसल्या आणि वर्षाचा खर्च बारा लाख. महिन्याला एक लाख, म्हणजे एक रुपया आला नाही तरी संस्था तीन वर्षांहून जास्त चालेल. इथे थांबा आणि चेक लिहा. डावीकडे, निधी आणि देण्यांच्या बाजूला, नजर टाकू नका, कारण तिथे त्याच चाळीस लाखांतले अडतीस ‘इमारत निधी’ म्हणून बसलेले सापडतील. देणाऱ्यांनी ते विटा-सिमेंटसाठी दिलेत. त्यातून मुलांची खिचडी शिजवायची नसते. मोकळे उरले दोन लाख, म्हणजे दोन महिने. त्यातून पुढे ढकलत ढकलत वाचत गेलात, तर बारा लाखांच्या उत्पन्नातले नऊ एकाच कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या पैशांतून, आलेत आणि करार तीनच वर्षांचा होता, हेही कळेल, आणि रात्रीची झोप जाईल. फेब्रुवारीतले पगार इमारत निधीतून काढून ‘एप्रिलात परत टाकू’ असं ठरलेलं असतं. कोणत्या एप्रिलात, ते ठरलेलं नसतं. तुमचं नाव त्या न झालेल्या इमारतीच्या कोनशिलेवर कोरायचं मात्र नक्की आहे. संगमरवराचं कोटेशन आलेलं आहे.

आता तुमच्या स्वतःच्या कर्तव्याकडे वळू. कार्यवाह भेटले की खणखणीत आवाजात विचारायचं, ‘माझ्या देणगीतला रुपयान् रुपया गरजूंपर्यंत जातो ना? पगारबिगारात नाही ना जात?’ कार्यवाह म्हणतील, ‘एक पैसा नाही, साहेब!’ हे खरं असेल, तर रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कोण लिहितं असं विचारू नका. ती कोणीच लिहीत नाही. सप्टेंबरात पिशवीभर पावत्या सीएच्या ऑफिसात टेबलावर ओतल्या जातात आणि आर्टिकलशिप करणारं, सीए होऊ घातलेलं एखादं पोर त्यातून वर्ष उभं करतं. पेट्रोलच्या पावतीवरची शाई तोवर उडालेली असते, मग आकडा स्मरणशक्तीतून येतो. आणि कार्यवाहांचं ‘एक पैसा नाही’ हे खोटं असेल, तर खोटं बोलायला त्यांना लावलं कोणी, हा प्रश्न तुमच्याकडे येऊ शकतो; तो येऊ देऊ नका. उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात उद्दिष्टांवरच्या खर्चाचे रकाने आधीच पाडलेले आहेत : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत आणि इतर धर्मादाय. तुमच्या समाधानासाठी कारकुनाचा पगार ‘शैक्षणिक’मध्ये बसतो आणि ऑफिसचं भाडं ‘वैद्यकीय मदती’त. उरलंसुरलं ‘इतर’ सांभाळून घेतं. परदेशी देणग्यांच्या कायद्याने २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, तेव्हा संस्थांनी केवढी ओरड केली. तुम्ही तर शून्यावर आणून ठेवलीत आणि कोणी चकार शब्द काढला नाही. हिशेब लिहिणाऱ्या बाईला महिना आठ हजार द्यायला तुमचा विरोध, आणि हिशेब नाहीत म्हणून चहाच्या वेळी संस्थेवर तुमचाच संशय. दोन्ही भूमिका एकाच वेळी घेता येतात. आपण घेतोच.

कारभार कसा आहे हे बघायचं असेल तर वार्षिक सभेला जावं, वडे चांगले असतात. सभा दहाची. दहाला कोरम नसतो म्हणून ती तहकूब होते आणि साडेदहाला त्याच जागी, त्याच सतरंजीवर, तीच माणसं तीच सभा पुन्हा भरवतात. तहकूब सभेला कोरमची अट नाही, असं घटनेत लिहून ठेवलेलं असतं. मागील इतिवृत्त वाचून कायम. जमाखर्चाला मंजुरी, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते. ‘कोणाला काही विचारायचंय का?’ हे वाक्य वड्यांचा वास सुटल्यावर उच्चारलं जातं. इतिवृत्ताची वही उघडून बघण्याचा योग आला तर तिचं कौतुक करा. चार वर्षांच्या सगळ्या सभांचं अक्षर एक, पेन एक, शाईचा ओलावाही एकसारखा.

मंडळ सात जणांचं असतं. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकवर, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यावर, नावंही सातच. त्यातले दोघे दिवंगत, एक लेकाकडे न्यू जर्सीला, मग अध्यक्ष, अध्यक्षांच्या सौ., त्यांचे धाकटे मेहुणे आणि खजिनदार. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. (तो दिल्यावर निकालाला किती वर्षं लागतात हा वेगळा विषय, त्यात संस्थेला बोल लावण्यात अर्थ नाही, प्रामाणिक संस्थाही तिथे ताटकळतात.) पण अर्ज दिलाच नाही तर ताटकळायचाही प्रश्न येत नाही. दिवंगत विश्वस्त कागदावर हयात राहतात, कधी विरोधात मत देत नाहीत. खजिनदारांना वरचेवर गावी जावं लागतं, म्हणून त्यांनी चेकबुकाच्या कोऱ्या पानांवर आगाऊ सह्या करून ठेवलेल्या असतात. दोन सह्यांचा नियम इतका काटेकोरपणे पाळणारी संस्था तुम्ही पाहिली नसेल. ऑफिस मेहुण्यांच्या गाळ्यात आहे आणि भाडं बाजारभावाने. बाजारभाव मेहुण्यांना ठाऊक असतो. संस्थेची स्वतःची जागा विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी लागते. म्हणून पट्टा तीन वर्षांचाच, दर तीन वर्षांनी त्याच माणसाशी, नव्या उत्साहाने. हे कोणी विचारलं तर ‘आजोबांनी दिलेली जागा आहे हो ती’ असं उत्तर मिळेल. कोणाच्या आजोबांनी, हे विचारणं असभ्यपणाचं.

पावती मात्र घ्या. ८०-जीचा, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीचा, आग्रह धरा, भले तुम्ही नवी करप्रणाली निवडलेली असो आणि ती वजावट तुम्हाला मिळणारच नसो. दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर जुन्या प्रणालीतही ती मिळत नाही, पण रोखीतली देवाणघेवाण कशी प्रेमाची वाटते. संस्थेने आयकर खात्याकडे देणगीदारांची यादी भरायची आणि तुम्हाला १०-बीई नावाचं प्रमाणपत्र द्यायचं, असं अलीकडचं खूळ आहे. पावती पुस्तकातली पावती जास्त देखणी असते, तिच्यावर गाडगेबाबांचं चित्र असतं. खाली क्रमांक आहे का, तेवढं बघू नका.

कधी कधी एखादी विचित्र संस्था गाठ पडते. न मागता तीन वर्षांचे ताळेबंद पाठवते. यंदा पावणेदोन लाखांची तूट आहे असं पहिल्याच पानावर सांगते, वस्तूंऐवजी हिशेबनिसाच्या पगारासाठी पैसे मागते, आणि अध्यक्षांच्या भावाकडून फर्निचर घेतलं तर तीन कोटेशनं आणि तो ठराव होताना अध्यक्ष खोलीबाहेर बसले होते हे लिहून देते. फोटो मागितला तर मुलांचे चेहरे दाखवत नाही म्हणते. अशा ठिकाणी सावध राहावं. यांना काहीतरी लपवायचं असणार. चालवणाऱ्या बाई घरी आल्या तर चहा द्यावा, ‘बघतो, मिसेसना विचारून कळवतो’ म्हणावं, आणि माळ्यावरचे जुने कपडे काढून द्यावेत. धुतलेले नसले तरी चालतील. फक्त तयारी ठेवा, त्या बाई दारातच नग मोजतील आणि त्याचीही पावती फाडतील.