मुद्दे मोजू नका, युक्तिवाद वाचा

विश्लेषणात्मक निबंध तपासताना मुद्द्यांची यादी हाताशी ठेवावी, प्रत्येक मुद्द्याला एक गुण द्यावा, म्हणजे परीक्षकांमध्ये तफावत राहणार नाही, असं एका लेखात सुचवलंय. तफावतीची काळजी रास्तच आहे. स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडे पाठवली, तर शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. पण यादीवर भर दिला की मुलं यादीच पाठ करू लागतात.

मी पुण्यात अकरावी-बारावीला शिकवते. ‘पानशेत धरण का फुटलं?’ यावर बरीच मुलं १२ जुलै १९६१, पाठोपाठ खडकवासला, पेठांमध्ये शिरलेलं पाणी, सगळं बिनचूक लिहितात. यादीप्रमाणे पैकीच्या पैकी! पण ते वर्णन झालं. एका मुलीने जेमतेम पानभर लिहिलं होतं. मातीच्या धरणाचं काम अपुरं असताना त्यात पावसाळ्याचं पाणी साठलं, म्हणून नुसतं अतिवृष्टीवर बोट ठेवून भागत नाही, असा तिचा मुद्दा. मग तिने स्वतःच आक्षेप घेतला, की पाऊस बेताचा झाला असता तर हेच अपुरं काम निभावलं असतं का? विश्लेषण म्हणतात ते हेच. शुद्धलेखन कच्चं होतं, त्याचे गुण वेगळे कापावेत.

माझी कळकळीची सूचना अशी, की तपासणी सुरू होण्याआधी परीक्षकांनी एकत्र बसून चार-पाच नमुना उत्तरं वाचावीत आणि प्रत्येक ‘म्हणून’च्या मागे पुरावा आहे का, यावर मोकळेपणाने वाद घालावा. एका दुपारचं काम आहे.