अर्धं तिचं, अर्धं माझं

टेक्सासच्या साधारण मध्यावर सॅन सबा नावाचं छोटं गाव आहे. ते स्वतःला ‘जगाची पेकान राजधानी’ म्हणवून घेतं. पेकान म्हणजे अक्रोडाचा लांबट, गोडसर चुलतभाऊ. ऑफिसातल्या माझ्या टेक्सन मित्राच्या सासऱ्यांची तिथे पेकानची बाग आहे आणि त्या बागेवर खारींचा डोळा आहे. मार्चमधे एका दुपारी, बार्बेक्यूच्या धुरात डोळे चोळत, सासरेबुवा मला म्हणाले, “ये की शरदात. दोन-चार खारी कमी कर.” हे वाक्य आपल्याकडच्या ‘या एकदा जेवायला’ इतपतच मनावर घ्यायचं असतं. मी घेतलं.

टेक्सासमधे २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीआधी शिक्षण घ्यावं लागतं. मी त्या तारखेच्या बऱ्याच अलीकडचा, त्यामुळे घेतलं. परीक्षा दिली, पास झालो, परवाना काढला. मग दुकानात जाऊन ४४७३ नंबरचा फॉर्म भरला. ग्रीन कार्डासाठी मी अकरा वर्षं काढली होती. त्याच ग्रीन कार्डावर रायफल पाऊण तासात हातात आली, आणि त्यातली वीस मिनिटं आडनावाचं स्पेलिंग सांगण्यात गेली.

रायफल घेतली ती रुगर टेन-ट्वेंटीटू. पॉइंट टू-टूची, म्हणजे पाव इंचाहूनही बारीक गोळीची, १९६४ पासून बनतेय. दहा गोळ्यांचं मॅगझिन पोटात असं बसतं की बाहेरून पत्ता लागू नये. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामं काडतूस आपोआप बाहेर उडतं आणि पुढची गोळी नळीत येऊन उभी राहते. पुन्हा ओढाल तेव्हा पुन्हा एक. साधी, गुणी, कमी बोलणारी. स्थळ म्हणून सांगून आली असती तर आमच्या घरच्यांनी पत्रिकासुद्धा पाहिली नसती.

त्यावर एक बेताची दुर्बीण चढवली आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेलो. अचूकता तपासायची पद्धत अशी: पन्नास यार्डांवर कागद लावायचा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, एकाच ठिपक्यावर नेम धरून पाच गोळ्या मारायच्या आणि एकमेकींपासून सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. याला ग्रुप म्हणतात. असे पाच ग्रुप मारले. सरासरी निघाली सव्वा इंच. खारीचं डोकं साधारण दीड इंच भरतं. म्हणजे काम झालं होतं. हा लेखही खरं तर इथेच संपायला हवा होता.

पण त्या रात्री मला ‘एमओए’ भेटला. मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर तो एक इंचाहून किंचित जास्त भरतो, पन्नासवर अर्धा. आणि जगातल्या नेमबाजांची समजूत अशी की ज्याची रायफल एक एमओएत मारत नाही, त्याने चारचौघांत मान वर करू नये. माझी भरत होती जवळजवळ अडीच. तिसरी-चौथीत प्रगतिपुस्तक खिशात घेऊन घरी जाताना पोटात जे व्हायचं, ते पुन्हा झालं.

या रायफलचं आणखी एक दुखणं आहे. हिचे सुटे भाग इतक्या लोकांनी बनवून ठेवलेत की मूळ कंपनीचा एकही तुकडा न वापरता अख्खी रायफल उभी करता येते. मी ज्या घरात वाढलो तिथे बाबांनी बजाज चेतकला बावीस वर्षांत एकच जास्तीची वस्तू बसवली. उजव्या बाजूचा आरसा. तोही पोलिसाने पकडल्यावर. त्यांचा सिद्धांत असा की चालत्या वस्तूचा स्क्रू फिरवू नये. त्यांच्या मुलाने जूनमधे एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला.

आधी चाप बदलला. मूळचा ओढायला सहा पौंड जोर लागायचा, नवा पावणेतीन पौंडांत सुटतो. मग दस्ता बदलला. लाकडी होता, त्या जागी करड्या रंगाचा प्लास्टिकचा आला. हातात धरला की आपण रंगकामाला निघालोय असं वाटतं. मग नळी बदलली, जाड आणि जड. नळी पुढच्या भागात दस्त्याला कुठेही टेकता कामा नये, गोळी सुटताना तिला मोकळेपणी थरथरू द्यायची असते. इथले लोक नळी आणि दस्त्याच्या फटीतून डॉलरची नोट सरकवून ते तपासतात. माझ्या पाकिटात त्या दिवशी फक्त कार्डं होती. शेवटी आईने मागच्या खेपेला आणलेल्या आहेराच्या पाकिटातली दहाची नोट काढली. गांधीजी नळीखालून विनासायास आरपार गेले. त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मी केला नाही.

शेवटी आत एक रबरी दांडी बसवली. सरकणारा धातूचा ठोकळा दर गोळीला मागे आपटतो, त्याचा खण्ण आवाज मऊ व्हावा म्हणून. सगळं जुळवलं, पुसलं, दूर ठेवून कौतुकाने पाहिलं आणि टॉवेल झटकला. त्यातून एक पोलादी पिन पडली.

उरलेला स्क्रू हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. पंखा दुरुस्त करून स्क्रू उरला तरी पंखा फिरतो. बंदुकीतून पिन उरली की मात्र माणूस आस्तिक होतो. दोन दिवस झोप नाही. रायफल तीनदा खोलली, तीनदा लावली, दर वेळी पिन टेबलावर तशीच. सगळ्या जागा भरलेल्या आणि ती जास्तीची. तिसऱ्या दिवशी बायको चहा घेता घेता म्हणाली, “ती रबरी दांडी जिथे घातलीस, तिथे आधी काय होतं?”

तिथे आधी ही पिन होती.

एव्हाना तीनशे डॉलरच्या रायफलवर सहाशेचा साज चढला होता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, असं बायको म्हणाली नाही. तिने फक्त क्रेडिट कार्डाचं बिल फ्रिजवर लावलं, गणपतीच्या चुंबकाखाली.

जुलैपासून आई सांगलीहून आली होती. तिला रायफल दाखवणं टाळत होतो, पण ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी पॅरिस ऑलिंपिकहून बातमी आली. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पन्नास मीटर रायफलमधे ब्राँझ घेऊन गेला. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासणारा आपला मुलगा. आईने मोबाइलवर ती क्लिप सात वेळा पाहिली. मला राहवलं नाही. म्हटलं, “आई, त्याची काडतुसं आणि माझी एकाच मापाची, पॉइंट टू-टू. अंतरसुद्धा जवळजवळ तेच.”

“तो केवढ्या ठिपक्यावर मारतो?”

“दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं.”

“आणि तू?”

मी विषय बदलायला माझ्या रेंजवरच्या बैठकीचा फोटो दाखवला. आईने चष्मा कपाळावर चढवून तो जवळून पाहिला. “तुझ्या पुढ्यात या उशा कसल्या रे?”

“वाळूच्या पिशव्या. रायफल हलू नये म्हणून.”

“त्याच्या पुढ्यात होत्या का?”

नव्हत्या. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि चक्क उभं राहून मारतात ते. मी म्हटलं, त्याची वेगळी असते, माझी अर्धस्वयंचलित आहे.

“म्हणजे अर्धं काम तिचं, अर्धं तुझं?”

“हो, तसंच काहीसं.”

“मग तिच्या अर्ध्याला कशाला एवढे पैसे घालतोयस?” असं म्हणून ती मटकी निवडायला गेली.

तरीही खंडेनवमीला शस्त्रपूजा तिनेच काढली. सांगलीत स्क्रू-ड्रायव्हर, विळी आणि बाबांचा टेप एवढीच आमची शस्त्रसंपदा. इथे खरीखुरी रायफल आहे म्हटल्यावर तिला हुरूप आला. रिकामी केलेली रायफल मी पाटावर ठेवली, आत गोळी नाही हे दोनदा तपासलं. दस्त्यावर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि मी नारळ शोधायला वळलो तेवढ्यात आईने मूठभर अक्षता वाहिल्या. वरून. रिकामं काडतूस जिथून बाहेर उडतं, त्या उघड्या खिडकीवर.

त्या शनिवारी नव्या साजातली रायफल घेऊन रेंजवर गेलो. पाच गोळ्या मारल्या. ‘कोल्ड’ अशी आरोळी आली की सगळ्यांनी बंदुकांपासून हात काढून मागे उभं राहायचं आणि मग कागद पाहायला जायचं. गेलो. चार इंच.

दोनदा डोळे मिचकावले. चारच इंच.

आता अशा वेळी माणूस काय करतो? स्वतः सोडून सगळ्यांवर संशय घेतो. मी आधी गोळ्यांवर घेतला. पॉइंट टू-टूच्या नळ्यांना विशिष्ट गोळीच मानवते, हे खरंच आहे. एक मेक आवडेल तर दुसरा अजिबात नाही, किमतीशी संबंध नाही. जावयासारखं. मी सात प्रकारच्या गोळ्या आणल्या आणि ताटात सात वाट्या मांडाव्यात तशा टेबलावर मांडल्या. नळीने सातही नाकारल्या. मग नळी इतकी घासून साफ केली की आणखी बिघडली. साफ नळीला पुन्हा थोडी काजळी धरेपर्यंत पहिल्या गोळ्या भरकटतात, हे मला नंतर कळलं. मग वाऱ्यावर संशय. मग दुर्बिणीचं चाक फिरवलं. पन्नास यार्डांवर एका टिचकीला गोळी अष्टमांश इंच सरकते. मी सोळा टिचक्या उजवीकडे दिल्या. द्यायच्या होत्या डावीकडे.

मधेच एकदा काडतूस अडकलं. रेंज ऑफिसरने मॅगझिन काढायला लावलं, खिडकीत डोकावून पाहिलं आणि दोन बोटांनी आतून एक पिवळा तांदूळ काढला. तळहातावर ठेवून तो बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. “राइस?” मी म्हटलं, “ब्लेसिंग.” त्याने टोपी किंचित उचलली आणि तांदूळ मला परत दिला. टेक्सासच्या माणसाला बंदूक आणि देव एकत्र सांगितले की तो पुढे विचारत नाही.

पुढचे तीन शनिवार असेच. सर्वांत वाईट कागद साडेचार इंचांचा होता. सगळी भोकं कडेकडेने, गोल फिरून, आणि मधला काळा ठिपका कोरा करकरीत. पंगतीत मधे वाढायचं राहून गेलेल्या पानासारखा.

चौथ्या शनिवारी शेजारच्या बाकावर एक आजोबा होते. त्यांच्याकडेही टेन-ट्वेंटीटूच, पण दस्त्याचं पॉलिश हाताने उडालेलं आणि मापं घेणारं, मोजणारं काही नाही. माझे कानाचे मफ, व्हर्नियर, स्टॉपवॉच, सात डबे आणि वही त्यांनी निवांतपणे न्याहाळली. ‘कोल्ड’ झाल्यावर मला विचारून माझ्या बाकाशी आले, अंगठा आणि तर्जनीत दुर्बीण धरली, आणि हलवली.

ती हलली. लहान मुलाच्या पडू घातलेल्या दातासारखी.

दुर्बीण ज्या पट्टीवर बसते ती पट्टी रायफलला चार बारीक स्क्रूंनी धरलेली असते. नळी बदलताना मी ते सैल केले होते, आणि परत आवळताना फोन आला होता. आईचाच, विमानतळावरून. आजोबा काही बोलले नाहीत, खिशातून पाना काढला, चारही स्क्रू आवळले, पाना पुसून पुन्हा खिशात ठेवला. मग फक्त एवढंच म्हणाले, “पोरा, हे फुकट असतं.”

पाच ग्रुप मारले. व्हर्नियरने मोजले. सरासरी काढली, मग पुन्हा काढली, कारण आकडा ओळखीचा वाटला. सव्वा इंच.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “झाली दुरुस्त?” मी म्हटलं, हो, अगदी नवी होती तशी. ती बिलाकडे बघत हसली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

सॅन सबाला फोन लावला तेव्हा डिसेंबर उजाडला होता. सासरेबुवा म्हणाले, खारींनी त्यांच्या वाटणीचं खाल्लं, उरलेलं आम्ही झाडं हलवून उतरवलं, आता झाडावर काही नाही, पण ये, पाच पौंड नेऊन खा. गेलो, घेऊन आलो. आईने त्याचे लाडू केले.

आमच्या परसात आईने कुंड्यांमधे कोथिंबीर लावली आहे. ती उकरायला एक खार येते. शहराच्या हद्दीत बंदूक चालवता येत नाही, म्हणून आईने आपला उपाय केला. गॅरेजमधले माझे कागद काठ्यांना टाचून कुंड्यांत रोवले. फडफडतात, खार बुजेल म्हणून. परवा सकाळी चहाचा कप घेऊन आम्ही दोघं खिडकीशी उभे होतो. खार आली, कुंडीच्या काठावरून सगळे कागद पाहत फिरली आणि साडेचार इंचवाल्या कागदापुढे, बरोबर त्या कोऱ्या काळ्या ठिपक्याला पाठ लावून, पेकान खात बसली.

“हुशार आहे,” आई म्हणाली. “भोकं कुठे पडतात ते बघून बसली.”