लिनक्सची सुरुवात ‘काली’पासून नको

इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक सल्ला कायम फिरत असतो: ‘लिनक्स शिकायचंय ना? मग सरळ काली टाक. खरे हॅकर तेच वापरतात, शिवाय ते जास्त सुरक्षित. मिंट, उबुंटू म्हणजे पोरखेळ. आणि मोडलं तर मोडू दे, मोडल्याशिवाय शिकणार कसा?’ काली, मिंट, उबुंटू ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचीच वेगवेगळी रूपं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण तो ऐकून घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर काली चढवणारी बरीच मुलं ‘लिनक्स आपल्याला झेपत नाही’ म्हणत विंडोजकडे परततात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोष ना त्यांचा असतो, ना लिनक्सचा.

‘खरे हॅकर तेच वापरतात.’ वापरतात, हे खरंच. बॅकट्रॅक या आधीच्या लिनक्सची जागा घेत २०१३ साली आलेलं काली सुरक्षा-चाचणी करणाऱ्या व्यावसायिकांसाठीच बनवलेलं आहे आणि त्या कामाची सहाशेहून अधिक साधनं त्यासाठी मिळतात. पण ज्यांना लिनक्सची ओळख नाही किंवा रोजच्या वापराला सिस्टीम हवी आहे, त्यांच्यासाठी काली योग्य नाही, असं कालीच्या अधिकृत माहितीतच स्पष्ट लिहिलंय. बनवणारेच नको म्हणत असताना सीनियरांनी आग्रह का धरावा?

‘मोडल्याशिवाय शिकणार कसा?’ हा सगळ्यांत पटणारा आणि म्हणूनच सगळ्यांत घातक मुद्दा. एप्रिल २०२५ मध्ये काय झालं ते बघा. काली ज्या डिजिटल किल्लीने आपल्या अपडेटवर सही करतं, ती किल्लीच त्यांच्या हातून गेली. नवी किल्ली काढावी लागली आणि आधीपासून चालू असलेल्या कालीवर ‘सही पडताळायला लागणारी किल्ली नाही’ असं म्हणत अपडेट अडू लागलं. उपाय एका ओळीचा होता: नव्या किल्लीची फाईल स्वतः उतरवून जागेवर ठेवायची. जाणकाराला दोन मिनिटांचं काम. नवख्याला मात्र नेट बिघडलंय, लॅपटॉप हॅक झालाय की आपणच काही चुकीचं दाबलंय, हेच कळत नाही. मग इंटरनेटवर सापडेल ती ‘सुडो’ने सुरू होणारी, म्हणजे सगळे अधिकार घेऊन चालणारी कमांड न वाचता चिकटवली जाते. यातून काय शिकणार?

मोडण्यातून शिकायचं तर परतीची वाट लागते. लिनक्स मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचं साधन आधीपासूनच असतं. मोठा बदल करण्याआधी सिस्टीमची नोंद घेऊन ठेवायची; बिघडलं तर त्या नोंदीवर परत जायचं. लॅपटॉप सुरूच झाला नाही, तरी मिंटच्या पेनड्राइव्हवरून चालू करून टाइमशिफ्ट उघडता येतं.

‘काली जास्त सुरक्षित.’ हल्ल्याची हत्यारं जवळ असली म्हणून आपलं घर सुरक्षित होत नाही. २०२० पर्यंत काली थेट रूट म्हणून, म्हणजे सगळ्या अधिकारांसह चालत असे. आजही त्याच्या तयार इमेजमध्ये (आधीच इन्स्टॉल करून ठेवलेल्या सिस्टीमच्या फाईलमध्ये) युजरनेम ‘काली’ आणि पासवर्डही ‘काली’च असतो. आणि शेजाऱ्याच्या वाय-फायवर हात साफ करायचा मोह झाला, तर आयटी कायद्याचं कलम ६६ आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘मिंट म्हणजे पोरखेळ.’ मिंट उबुंटूवर उभं आहे, उबुंटू डेबियन या आणखी एका लिनक्सवर, आणि कालीही डेबियनवरच. कमांड टाइप करायचं टर्मिनल तेच, प्रोग्रॅम बसवणारं एपीटी तेच. एनमॅप आणि वायरशार्क ही नेटवर्क तपासायची साधनं मिंटवरही सहज बसतात. शिवाय महाडीबीटीचा फॉर्म भरणं, लिबरऑफिसमध्ये प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणं, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टाइप करणं ही रोजची कामं विनातक्रार होतात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. रॅम ४ जीबीच असेल, तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, आवाज, टचपॅड तपासा. इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्याय आला, की थांबा. तो निवडलात तर विंडोज आणि त्यातल्या सगळ्या फायली जातील. बॅकअप हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टर्मिनलला हात सरावला की मिंटवर व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) टाका आणि त्यात कालीची तयार इमेज उघडा. त्यासाठी ८ जीबी रॅम असलेली बरी. तिथे स्नॅपशॉट, म्हणजे परत येण्यासाठीची नोंद, घेऊन ते काली हवं तितकं मोडा. बाहेरच्या मिंटवरचा प्रोजेक्ट रिपोर्ट जिथल्या तिथे राहील.