स्टेटरशिवाय टॉर्क कन्व्हर्टर?

ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवरचा तुमचा लेख वाचला. 'टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलावर चालणारा क्लच' हे त्यातलं वाक्य पटलं नाही. नुसते इंपेलर (इंजिनबरोबर फिरून तेल ढकलणारं पात्यांचं चाक) आणि टर्बाइन (त्या तेलाने फिरून गिअरबॉक्स चालवणारं चाक) असते तर ठीक होतं. पण ते झालं फ्लुइड कपलिंग, त्यात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढत नाही. वाढवतो तो या दोन चाकांमधला स्टेटर, आणि लेखात त्याचं नावही नाही! टर्बाइनमधून परतणारं तेल इंपेलरच्या फिरण्याला आडवं येतं. स्टेटरची पाती ते वळवून इंपेलरच्याच दिशेला लावतात. एकाच दिशेला फिरू देणाऱ्या वन-वे क्लचमुळे स्टेटर उलटा फिरत नाही, तेलाचा रेटा गिअरबॉक्सच्या हाऊसिंगवर घेतो, म्हणून जागेवरून निघताना टॉर्क साधारण दुप्पट मिळतो. टर्बाइन इंपेलरच्या वेगाच्या जवळ पोचली की स्टेटर मोकळा फिरू लागतो आणि टॉर्कची वाढ थांबते. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्सची कामं करणारी आमची पोरं हेच आधी विचारतील.

दुसरं, उष्णतेबद्दल एक ओळ तरी हवी होती. आम्ही बेळगावची माणसं चोर्ला घाटातून गोव्याला जातो. चढावर ट्रकमागे अडकलं की बरेच जण ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवतात. तेव्हा टर्बाइन थांबलेली, इंपेलर फिरतोय, आणि इंजिनची ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. इंपेलर आणि टर्बाइन थेट जोडणारा लॉक-अप क्लच अशा वेळी सुटलेलाच असतो. तेल जळलं की पुढे गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट्स जातात, आणि तो खर्च मोठा असतो. थांबायचं असेल तर सरळ ब्रेक दाबा.