पुढचे टायर छोटे केले म्हणून ईटी कमी होत नाही

"मामा, पुढे स्टेपनी लावू का?" असं विचारत भाच्याने एक मेसेज पाठवला. ड्रॅग रेसच्या (सरळ ट्रॅकवर ठरलेलं छोटं अंतर कापायची शर्यत) प्रत्येक ग्रुपवर तो फिरतोय: 'पुढचे टायर जितके छोटे, तितकी स्टार्ट भारी.' त्यातले दावे असे: रिॲक्शन टाइम आणि ईटी (एलॅप्स्ड टाइम, म्हणजे ट्रॅकचं अंतर कापायला लागलेला वेळ) दोन्ही सुधारतात, रेड लाइट (हिरव्याच्या आधी सुटल्यावर लागणारा लाल दिवा) टळतो, पिकअप वाढतो, हवा कमी ठेवली की आणखी फायदा, आणि हे फुकटात हवं असेल तर पुढे बारीक स्टेपनी लावा. घरातलं पोरगं हे करायला निघालंय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

आधी घड्याळ कसं चालतं ते बघा. एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था) रेसमध्ये हिरवा दिवा लागल्यापासून गाडी स्टेज बीममधून, म्हणजे स्टार्ट रेषेवरच्या आडव्या प्रकाशकिरणातून, बाहेर पडेपर्यंतचा वेळ म्हणजे रिॲक्शन टाइम. ईटी मोजायला सुरुवात होते ती गाडी बीम सोडते तेव्हा. स्टेज करताना, म्हणजे गाडी रेषेवर उभी करताना, पुढच्या टायरची पुढची कड बीम अडवते. टायरची मागची कड तिथून सरकली की बीम मोकळा होतो. बीमच्या उंचीवर या दोन कडांमधलं अंतर म्हणजे रोलआउट. बीम जमिनीपासून 40 मिमीवर धरला, तर 700 मिमी व्यासाच्या टायरचा रोलआउट साधारण 325 मिमी येतो, 600 मिमीच्या टायरचा 299. 1 जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) वेगवाढीने हे अंतर कापायला अनुक्रमे 0.257 आणि 0.247 सेकंद लागतात. म्हणजे छोट्या टायरने रिॲक्शन एक शतांश सेकंदाने सुधारला, हे मान्य. पण तोच एक शतांश ईटीत वाढला, कारण घड्याळ सुरू झालं तेव्हा गाडीने कमी वेग घेतलेला होता. हिरव्या दिव्यापासून फिनिशपर्यंतचा एकूण वेळ आहे तिथेच राहिला. दोन्ही आकडे एकदम सुधारले असं सांगणाऱ्याने रननंतर मिळणारी वेळांची स्लिप नीट वाचलेली नाही.

रेड लाइटचा दावा तर पूर्ण उलटा आहे. छोटा टायर बीम लवकर सोडतो, म्हणजे हिरव्याच्या आधी सुटण्याचा धोका वाढतो. ज्याचा रिॲक्शन 0.005 येतोय त्याने हे टायर लावून तसाच पाय उचलला, तर तो थेट लाल.

पिकअपबद्दल अर्धं खरं आहे. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचं चाकच गाडी ओढतं, तिथे व्यास कमी झाला की गिअरिंग आखूड होतं. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये तसं काही होत नाही. हलक्या चाकाचा थोडा फायदा मिळतो, तो वजनाचा.

आता स्टेपनी. हा सल्ला वाचून माझं डोकं फिरलं. बारीक स्पेस-सेव्हर स्टेपनीवर कमाल वेग 80 किमी असं छापलेलं असतं. 402 मीटर (पाव मैल, ड्रॅग रेसचं नेहमीचं अंतर) 15 सेकंदांत कापणाऱ्या गाडीचा नुसता सरासरी वेग 96 किमीच्या वर जातो, फिनिशला तर कितीतरी जास्त. त्यानंतर ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम याच दोन टायरांवर पडतं. तिथे रुंदी निम्म्यावर आणलेली, आणि टायर पंक्चर काढायला जाण्यापुरता बनवलेला! रेसिंगचे बारीक फ्रंट टायर वेगळे असतात, ते त्या वेगासाठीच बनवलेले असतात. नुसते दिसायला सारखे म्हणून स्टेपनी लावायची नाही. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये तर लाँचलाच चाक जागच्या जागी फिरेल.

हवेचंही उलटंच लिहिलंय. हवा कमी केली की टायर बसतो आणि रोलआउट वाढतो. लवकर सुटायचं असेल तर पुढे हवा वाढवतात, तीही टायरवर दिलेल्या मर्यादेत.

रिॲक्शन सतत उशिराच येत असेल तर टायरच्या आधी डीप स्टेज करून बघा, क्लासच्या नियमात बसत असेल तर. स्टेजचा दिवा लागल्यावर गाडी थोडी आणखी पुढे सरकवायची, इतकंच; त्यानेही रोलआउट कमी होतो. आणि ब्रॅकेट रेसमध्ये (जिथे प्रत्येकजण आपला अपेक्षित ईटी, म्हणजे डायल-इन, आधी सांगतो) टायर बदलायचेच असतील, तर जुन्या स्लिपवरचा डायल-इन देऊ नका. नव्या टायरवर रन मारून ईटी बघा आणि मगच आकडा लिहा.