मालगुजाराचा पाहुणचार

भंडारा जिल्ह्यातल्या एका मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, जुन्या वाड्याचं हॉटेल झालंय, तिथे राहायला जायचंच, असं आमच्या हिनं ठरवलं. तेही मे महिन्यात. आमच्याकडे मे महिन्यात माणसं फक्त लग्नं ठरवतात, तीसुद्धा नाइलाजानं.

आत शिरतानाच कपाळ चौकटीवर आदळलं. मालक धावत आले. मला वाटलं, बर्फ आणला.

"चौकट मुद्दाम ठेंगणी आहे साहेब," ते कौतुकानं म्हणाले, "शत्रूनं मान झुकवूनच आत यावं म्हणून!"

मी आगाऊ पैसे भरून आलो होतो.

खोलीत एसी नाही, कूलरही नाही. "मातीच्या एवढ्या जाड भिंती असताना गरजच काय?" दुपारी हे पटलंही. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं आणि आत चक्क गारवा. पण अशा भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते परत करतात. या तर मालगुजाराच्या भिंती. व्याजासकट दिलं.

खरी परीक्षा जेवणाची. गोळाभात पुढ्यात आला, वर हिंगाची फोडणी, शेजारी कढी, आणि समोर मालक उभे. वाड्याचा इतिहास ऐकल्याशिवाय घास घ्यायचा नाही, अशी तिथली रीत. १८५३ साली नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले तेव्हा भात निवला. पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं तोवर कढीवर साय धरली. १९५१ साली मालगुजारी गेली आणि मग कुठे आम्हाला हात धुवायला परवानगी मिळाली.

त्यानंतर रोडगे आले. सोबत काटा आणि सुरी! गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा सुरीला दाद देतो होय? माझा ताटातून निसटला आणि भिंतीवरच्या मिशीवाल्या पूर्वजांच्या तसबिरीखाली जाऊन थांबला. फेटेवाला वाढपी कानाशी कुजबुजला, "सुरीनं नाही होत भाऊ, बुक्की मारा लागते." मालकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचाऱ्याचा फेटाच सैल झाला.

रात्री भट्टीतून निसटून मी मागच्या अंगणात आलो. तिथे बाजेवर खुद्द मालक पसरलेले, पायाशी भलामोठा कूलर घरघरतोय. त्यांनी एक डोळा उघडला.

"ती दुसरी बाज ओढा साहेब. फक्त वहिनींना सांगू नका, तिसरी नाही."